पिवळ्या दिव्यावरचा टिळा

फोनच्या स्क्रीनवर 'सुभेदारकाका' हे नाव उमटलं आणि मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झाले. "काका, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला! आत्ता तुम्हालाच लावणार होते. सकाळपासून सर्व्हर दम खातोय, पंख्याचा आवाज बदललाय, मी केबल बदलून पाहिली, मेमरी काढून, पुसून परत बसवली..." पाच मिनिटं तरी मी बोलत असेन. पलीकडून हुंकारही येत नव्हता, पण त्यात नवल नव्हतं. काका असंच ऐकायचे. मग बाईचा आवाज आला. "वैशाली, मी काकू बोलतीया. ह्ये गेलं गं सकाळी. च्या प्यालं आन् बसल्या जागी..." म्हटलं, "काकू, मला थांबवायचं नाही का?" तर म्हणाल्या, "बिघाड सांगणाऱ्याला ह्येंनी कवा मदी तोडलं न्हाई. मी कशी तोडू?"

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. हणमंत सुभेदार दुष्काळी खटाव तालुक्यातल्या वडूजचे. लष्कराच्या सिग्नल विभागात आयुष्य घालवलं आणि निवृत्तीनंतर गप्प बसवेना म्हणून कॉम्प्युटर दुरुस्तीत शिरले. शिरवळच्या कंपन्यांपासून सांगलीकडच्या आमच्या साखर कारखान्यापर्यंत कुठेही सर्व्हर अडला की त्यांची मोटारसायकल दारात हजर. सर्व्हर म्हणजे सगळ्या कचेरीच्या नोंदी सांभाळणारा थोरला कॉम्प्युटर. तो बंद पडला की बाकीच्यांच्या तोंडचं पाणी पळतं, आणि काकांचा चेहरा मात्र सासरवाडीच्या जेवणाला निघाल्यासारखा खुलायचा. "आमी खटावची माणसं," म्हणायचे, "पाणी कुठं मुरतंय त्ये हुडकायचंच शिकलो जन्मभर." विचित्र बिघाड सापडला की ते खरोखर टाळी वाजवायचे. समोर मॅनेजर घाम पुसत उभा असला तरी वाजवायचे.

त्यांची एक रीत होती आणि ती मोडायची कुणाची टाप नव्हती. सर्व्हरच्या खोलीत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं हात खिशात. स्वतःचे, आणि आमचेही. नुसतं बघायचं, ऐकायचं. त्यानंतर एकच प्रश्न: "बंद पडायच्या आदी ज्येनं त्येनं काय काय केलं, समदं सांगायचं. खरं बोलणाऱ्यावर कारवाई न्हाई." आम्ही हसायचो. कारखान्यात 'मी काही केलं नाही' हे वाक्य नमस्काराइतकं सहज निघतं. पण काका उत्तर मिळेपर्यंत स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचे नाहीत, म्हणून शेवटी कुणीतरी कबूल करायचंच... की साहेब, मी मोबाइल चार्ज करायला एक पिन काढली होती.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉम्प्युटर विभागाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली होती. हंगाम सुरू झाला, गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, आणि चौथ्या दिवशी सकाळी दहाला सर्व्हर मान टाकून बसला. वजनकाटा थांबला. उसानं भरलेल्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली आणि ऊस उन्हात वाळायला लागला. पण खरी धास्ती त्याहून मोठी होती. कुणाचा ऊस कधी लावला, म्हणजे तोड आधी कुणाला, या सगळ्या लागणीच्या नोंदी त्याच सर्व्हरमध्ये. बॅकअप होता, पण त्या नोंदी भरण्याच्या आधीचा! नोंदी गेल्या असत्या तर ज्याचा आवाज मोठा त्याचा ऊस आधी, आणि गावोगाव डोकी फुटली असती. माझी नोकरी तर गेल्यातच जमा होती.

आमच्या सर्व्हरमध्ये चार डिस्क होत्या. एक मेली तरी उरलेल्या तिघी मिळून गाडा ओढतात, फक्त मेलेलीचा दिवा पिवळा होतो. दुसरीही बाजूला पडली की खेळ खलास. काकांनी हात खिशात घालून दहा मिनिटं ऐकलं, मग वाकून पाहिलं. दोन दिवे पिवळे. "एक लय दिसांपूर्वी गेलीया," ते म्हणाले, "आन् दुसरी आज. आजची मेल्याली न्हाई, नुसती रुसलीया. तापून कनेक्शन ढिलं झालंय. तिला उठवली की समदं जाग्यावर येतंय." मी आनंदानं पुढे झाले, तर त्यांनी हात आडवा धरला. "पर कुठली आदीची आन् कुठली आजची? जी आदी गेली तिच्यात जुनं रेकॉर्ड हाय. चुकून तिला उठवली, तर जुनं-नवं कालवून समदं नासंल." मशीनमध्ये याची नोंद असायला हवी होती, पण आतला सेल संपल्यामुळे ती पुसली गेली होती. दोनातली एक निवडायची, आणि चुकलं तर परत फिरायला वाट नाही.

मग तो प्रश्न आला. कार्यकारी संचालक, म्हणजे आमचे मोठे साहेब, दारातच उभे होते. सगळ्यांनी आपापलं सांगितलं. माझी पाळी आली आणि मी पर्स घट्ट धरली.

कारण मला माहीत होतं. महिन्याभरापूर्वी खंडेनवमीला आम्ही कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. बॉयलरला हार, काट्याला हार, मग सर्व्हरनं काय घोडं मारलंय? मीच पुढाकार घेऊन त्याच्या तोंडावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. तेव्हा एक पिवळा दिवा लुकलुकत होता. मी पाहिला. नवी होते, अर्थ कळला नाही, आणि विचारलं तर अडाणी ठरेन म्हणून विचारलंही नाही. उलट पूजेत तो डोळ्याला खुपायला लागला म्हणून स्वस्तिकाशेजारी कुंकवाचा एक ठसठशीत टिळा नेमका त्याच्यावर लावला! महिनाभर तो टिळा कुणी पुसला नाही. देवाचं कुंकू, कोण पुसणार? आणि त्या दिवशी सर्व्हर बंद पडल्यावर, काका यायच्या आत, मी ते सगळं ओल्या रुमालानं पुसून टाकलं होतं. रुमाल माझ्या पर्समध्ये होता.

"मी काही केलं नाही," एवढं वाक्य बोलले असते तर त्या दिवसापुरती सुटले असते. काका माझ्याकडे बघत होते, पण पोलिसासारखं नाही. उत्सुकतेनं. जणू माझ्याकडे काहीतरी भारी आहे आणि मी ते उगाच दडवून ठेवलंय. मी रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि रडत रडत सगळं सांगितलं... दिवा, टिळा, पुसणं.

"कुठल्या दिव्यावर?" काका जवळजवळ ओरडलेच.

"डावीकडून दुसऱ्या."

आणि त्यांनी टाळी वाजवली! "घावली! आगं, हीच की आदीची! साहेब, पोरीनं सांगितलं नसतं तर आपुन पत्त्यावाणी एक वडून बसलो असतो." आजची रुसलेली डिस्क त्यांनी स्वतः दुरुस्त नाही केली, मला करायला लावली. मी डावीकडून चौथी डिस्क बाहेर ओढली, संपर्काची जागा साफ केली, परत बसवली. काका कानात सांगत होते, मी कळा दाबत होते. पडद्यावर रेषा सरकायला लागली. मग नोंदी उघडल्या. गाव, शेतकरी, लागणीची तारीख, सगळं जसंच्या तसं. बाहेर काट्यावर पहिली गाडी चढल्याचा आरडाओरडा ऐकू आला. साहेबांनी अहवालाचा कागद पुढे घेऊन विचारलं, चूक कुणाची लिहायची? काका शांतपणे म्हणाले, "साहेब, आज खरं बोलणाऱ्याला हाणलं, तर पुढल्या बारीला खरं कोण सांगंल?" साहेबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. ती नोकरी आजही माझ्याकडे आहे.

त्यानंतर किती बिघाड आम्ही मिळून शोधले! उंदरानं कुरतडलेली वायर, मळीच्या वासाला भुललेल्या मुंग्यांनी भरलेला वीजपुरवठ्याचा डबा, पासवर्ड स्वतःच बदलून विसरलेले अधिकारी. मी त्यांची अगदी शागीर्द झाले. पण हा माणूस खऱ्यासाठी इतका का हटून बसतो, हे कधी विचारलं नाही.

तेराव्याला वडूजला गेले तेव्हा काकूंनी आपण होऊन सांगितलं. तरुणपणी एका लष्करी चौकीवर काकांनी तपासणी करताना चुकीची तार ओढली आणि दिवसभर संदेशाच्या सगळ्या लाइनी मुक्या झाल्या. ड्यूटीवर नाव होतं मेढ्याच्या सर्जेरावांचं. काका भ्याले, गप्प बसले. शिक्षा सर्जेरावांना झाली, त्यांची बढती कायमची अडली. "दर साली निघायचं, त्येला सांगून येतो म्हणायचं," काकू म्हणाल्या, "आन् मेढ्याच्या फाट्यावरनं माघारी यायचं. दुसऱ्यास्नी बोलतं केलं गं, ह्येंचं मातुर व्हटातच ऱ्हायलं."

मी लगेचच्या रविवारी मेढ्याला गेले. आमच्या सगळ्यांच्या चुका ज्यांनी पोटात घातल्या, त्यांची एक चूक पोचवायची राहू नये असं फार वाटलं. सर्जेराव पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी काही न लपवता सांगितलं. ते शेंगा फोडतच राहिले.

"तवाच ठाऊक हुतं मला," ते म्हणाले. "तिथं दोघंच व्हतो आमी. मी केलं न्हाई म्हंजे त्येनंच केलं की." आणखी एक शेंग फोडून म्हणाले, "लय वर्सं राग हुता. खोटं कशापायी बोलू?"

मग त्यांनीच विचारलं, "तू त्येची कोन?" मग मी सर्व्हर, टिळा, रुमाल सगळं सांगायला लागले आणि बघता बघता त्यांचे हात थांबले. तेही सिग्नलचेच. पुढे सरकून बसले. "दोन्ही दिवे पिवळे हुते म्हंतीस? आन् नोंद पुसल्याली? मग कुठली उठवली?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात सगळं पुन्हा जोडून पाहिलं, अगदी सावकाश.

"बराबर केलं गड्यानं," ते म्हणाले, आणि शेंगदाण्यांची परडी माझ्यापुढे सरकवली.