कोंड्यानं झाडलेली फरशी

माझी कॉलेजची सायकल ज्यानं चार वर्षं चालती ठेवली, तो हा मिस्त्री आता गॅरेज चालवतो. गाडी दुरुस्त झाली की सांडलेल्या ऑइलवर तो धानाचा कोंडा पसरतो, पायानं घोळतो आणि झाडून पोत्यात भरतो. फरशीवर पाणी कधीच ओतत नाही.

परवा जागेचा मालक गॅरेजमध्ये येऊन चिडला. "पाइप लावून धुऊन टाक ना. काऊन पसारा करून राहिला?"

"नाली बोडीच्या तळ्यात उतरते, शेठ. त्याच पाण्यावर गावाचं धान पिकते."

"मग जागा खाली कर."

"करतो. पह्यले फरशी झाडू द्या."

झाडत झाडत तो मालकाच्या बुटांपर्यंत आला आणि थांबला.

"पाय उचला."

मालकानं उचलला.