लायलच्या शर्टाचं शेपूट

लायल पेरोला मी फारसा ओळखत नव्हतो. नोव्हेंबरात व्हरमाँटच्या डोंगरावर, शिकारीच्या खोपटात भेट व्हायची, तेवढंच. त्याच्या रायफलीत एका वेळी एकच गोळी बसे. दस्ता एक, नळ्या तीन: हरणाची, टर्की पक्ष्याची, खारीची. प्रत्येक नळीवर तिची दुर्बीण कायमची बसवलेली, म्हणून नळी बदलली तरी नेम ढळत नसे.

हरणावरचा नेम चुकला की आमच्याकडे चुकणाऱ्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचा खालचा भाग, कापून भिंतीला ठोकतात. लायलचा शर्ट आजवर अखंड होता, आणि त्याला त्याचा फार अभिमान.

एका नोव्हेंबरात, एका सकाळी त्याने हरणाची नळी चढवली, पण खिशात निघाली टर्कीची काडतुसं; ती त्या नळीत बसेनात. समोर उभा राहिलेला मोठा नर आरामात निघून गेला.

"गोळी झाडलीच नाही, मग नेम चुकला कसा?" मी संध्याकाळी म्हणालो.

"वकिली पुरे, वॉल्ट. कात्री आण." त्याने स्वतःच शर्ट बाहेर ओढला.

पुढच्या हंगामाआधी तो वारला. आमची शेवटची भेट त्याच हंगामातली, खोपटातून घरी निघतानाची. गाडीपाशी मी विचारलं, "शर्टाबद्दल बायकोला काय सांगशील?"

"उंदराने खाल्लं म्हणेन. उतारावर बर्फ आहे, हळू चालव."

"तूही."