गोलामागची मूठभर राख

हे मी आजवर कुणाकडेच बोललेले नाही. मुलीकडे नाही, नाशिकच्या जाऊबाईंकडे नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा या विषयाला बगल देऊन दुसरंच काहीतरी पुटपुटत राहते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. बघू.

सुरुवात क्लबापासून करावी लागेल. ब्रिस्टलच्या कडेला, आम्ही राहायचो त्या भागात, एक फुटबॉल क्लब होता. टीव्हीवर दिसतात तसला नव्हे. आठवडाभर व्हॅन चालवणारी, छपरं दुरुस्त करणारी मुलं शनिवारी दुपारी चिखलात खेळायची, आणि बघायला शंभरेक माणसं आणि दोन-चार कुत्री. पत्र्याचा स्टँड, चहाची टपरी, आणि एका गोलामागे लोकांचे भाज्यांचे वाफे — अ‍ॅलॉटमेंट्स. वीटभट्टीवरच्या कामगारांनी आजोबा-पणजोबांच्या काळात काढलेला क्लब, असं तिथले लोक छाती फुगवून सांगायचे. इतक्या वर्षांत जिंकलं काय, तर जिल्ह्याचा एक कप. तो बारमधल्या फडताळात असायचा आणि त्यात पेनं ठेवलेली असायची.

माझे यजमान — मी आपलं 'हे' असंच म्हणते — विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका सहकाऱ्याबरोबर सहज म्हणून मॅच बघायला गेले आणि तिथलेच झाले. पहिल्या दिवशी ह्यांना खेळ दिसलाच नाही, मैदानावरच्या रेषा वाकड्या आहेत तेवढं दिसलं. पुढच्या शनिवारी दोरी आणि खुंट्या घेऊन गेले. मग दर शनिवारी सकाळी, मैदान राखणाऱ्या लेनच्या जोडीने, रेषा मारायचं चाकाचं यंत्र ढकलत हिंडायचे. संध्याकाळी घरी यायचे ते पँटच्या मोहरीला पांढरे डाग घेऊन. ते धुवायचे कुणी?

मी एकदाही गेले नाही. हे म्हणायचे, "चल ना, चहा तरी पी तिथला." मी म्हणायचे, मला थंडी बाधते. थंडी कसली बाधतेय — मला राग होता. सोमवार ते शुक्रवार कारखाना, रविवारी मराठी मंडळाचं काहीतरी, आणि उरलेला एकुलता एक शनिवार, तो त्या चिखलाला. बाहेर बाई ठेवली असती तर निदान चार लोकांनी मला बिचारी तरी म्हटलं असतं. इथे सगळे ह्यांचं कौतुक करायचे.

आणि ते नाव. मी ह्यांचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर आयुष्यभर 'अहो'. आणि तिकडे लेन, चहाच्या टपरीवरची त्याची बायको मॉरीन, कालची शेंबडी पोरं — सगळ्यांच्या तोंडी 'वॅस'. वसंतचं वॅस. लेनचा फोन यायचा, "वॅस आहे का, माय लव्हर?" ब्रिस्टलमध्ये भाजीवालाही कुठल्याही बाईला असंच म्हणतो, त्यात वावगं काही नसतं, हे समजायला मला बराच काळ लागला. पण मला खटकायचं ते 'लव्हर' नव्हे. मला खटकायचं ते 'वॅस'. माझ्या नवऱ्याला त्यांनी असं काहीतरी दिलं होतं, ज्यात माझा हातभार नव्हता.

मग हे आजारी पडले. त्याबद्दल फार सांगत नाही. पानगळीच्या दिवसांत कळलं आणि वसंत ऋतू काही ह्यांना दिसला नाही. हॉस्पिटलमध्ये एका दुपारी, मी संत्रं सोलत असताना, हे म्हणाले, "ऐक. सगळं नाशिकला ने, आईला तेच बरं वाटेल. फक्त मूठभर इथे ठेव. अ‍ॅलॉटमेंटकडच्या गोलामागे. लेनला सांगून ठेवलंय."

मी "हो" म्हटलं. हो म्हटलं आणि संत्र्याची फोड ह्यांच्या हातात दिली. ते "हो" मला अजून ऐकू येतं.

लेनला आधी सांगितलं होतं, ऐकलंत ना? मला नंतर.

आता मुद्द्यावर यायला हवं, आणि बघा, मी अजून टाळतेय. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की धर्माची अडचण होती, अस्थींची अशी वाटणी करायची नसते. पण तसं मला कुणीही म्हणालं नव्हतं. लेस्टरच्या गुरुजींना मी मुद्दाम फोन केला होता, त्यांनी 'नाही' म्हणावं म्हणून. ते म्हणाले, "वहिनी, मूठभर इकडे राहिली तर काही बिघडत नाही. त्यांची इच्छा होती ना?" मी फोन ठेवला. ती वाटही बंद झाली. मग उरलं काय? उरलं एवढंच, की मला द्यायचं नव्हतं. शनिवार दिले होते मी. आता हेही त्यांनाच द्यायचं?

बरं, सरळ नाही म्हणायचं. लेन टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मी म्हटलं असतं की आमच्यात चालत नाही, तर तो भला माणूस मान हलवून परत गेला असता. पण मग त्या लोकांमध्ये मी कोण ठरले असते? नवऱ्याचा शेवटचा शब्द मोडणारी. मला द्यायचंही नव्हतं आणि वाईटही व्हायचं नव्हतं. मी म्हटलं, "शनिवारी आणते."

आमच्या मागच्या अंगणात पेअरचं एक जुनं झाड होतं. आदल्या वर्षी ह्यांनीच ते तोडलं होतं आणि त्याची लाकडं आम्ही पुढच्या खोलीतल्या फायरप्लेसमध्ये जाळत होतो. मी त्यातली राख काढली. त्यात कोळशाचे बारीक तुकडे होते, ते दिसले असते. म्हणून मी पिठाची चाळणी घेतली आणि ती राख चाळली. स्वयंपाकघरात, लख्ख उजेडात, खाली वर्तमानपत्र पसरून. मग देवघरातल्या लहान गडूत भरली आणि वर लाल कापड बांधलं. रागाच्या भरात झालं असं म्हणता आलं असतं. पण रागाच्या भरात कुणी राख चाळत नाही.

शनिवारी मॅचआधी सगळे त्या गोलामागे जमले. खेळाडूंनी दंडाला काळी टेप गुंडाळली होती. लेनने लहान खुरप्याने खड्डा केला आणि मी गडू उपडा केला. कुणीही वाकून बघितलं नाही. सगळे मान खाली घालून उभे होते, कुत्रीसुद्धा गप्प होती. लेन रडला. मी रडले नाही, आणि मॉरीन कुणाला तरी हळूच म्हणाली की काय धीराची बाई आहे. पुढच्या महिन्यात मी नाशिकला गेले आणि रामकुंडावर सगळं सोडलं. चिमूटही मागे ठेवली नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. ती संपली नाही.

त्या मोसमात क्लब तळाला होता. शेवटच्या मॅचला हरले असते तर खालच्या डिव्हिजनमध्ये गेले असते, आणि तिथून असले क्लब सहसा परत वर येत नाहीत, बंदच पडतात. मॉरीन मला न्यायलाच आली. नाही कसं म्हणणार? खेळ संपत आलेला, बरोबरीत होता, आणि समोरच्यांच्या एका पोराने असा बॉल मारला की आमचा गोलकीपर नुसता बघत राहिला. बॉल खांबाला लागून बाहेर आला. त्याच गोलाच्या खांबाला. मग स्टँडमधून कुणीतरी ओरडलं, "चिअर्स, वॅस!" — तिकडे आभार मानतानाही 'चिअर्स'च म्हणतात. सगळे हसले. काही जण डोळे पुसत होते. क्लब वाचला. तेव्हापासून आमचा प्रत्येक गोलकीपर मॅचआधी तिथे जाऊन जमिनीला हात लावतो. ज्यांनी ह्यांना कधी पाहिलं नाही, ती पोरंसुद्धा.

आणि मी जायला लागले. का? घरी शनिवार खायला उठायचा, म्हणून. मॉरीनच्या टपरीत पावांना लोणी लावायला लागले, हळूहळू ऑफसाइडही कळायला लागलं. एकदा लेन तिथे चहा ढवळताना काहीतरी गुणगुणत होता आणि माझा हात थांबला. ते नाट्यगीत होतं. चाल बरीचशी मोडलेली, शब्दांच्या जागी नुसतं ना-ना-ना, पण ओळखू येण्याजोगं. लेन म्हणाला, वॅस रेषा मारताना नेहमी हेच गायचा, मोठ्याने, कोपऱ्यापाशी वळताना तर तान घ्यायचा.

घरी मी ह्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. एकदाही नाही.

त्या दिवशी मला हे इतके हवेसे झाले, इतके, की मी टपरीच्या मागे जाऊन उभी राहिले. मी दहा मिनिटं चालत आले असते तर ऐकायला मिळालं असतं. चहा तरी पी म्हणत होते. मी त्या गोलामागे गेले, जिथे सगळे जातात, आणि खाली बघितलं — आणि तिथे काय होतं? माझं पेअरचं झाड.

मुलगी क्रॉयडनला असते. ती यायची तेव्हा छोट्याला तिथे उभं करायची. "आजोबाला हॅलो म्हण. आई, बाबाचा जागा किती छान ठेवलाय ह्यांनी." तिचं मराठी असंच आहे, मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. छोटा हात हलवायचा. मीही हलवायचे.

मग नव्वदीच्या दशकात जमीन विकली गेली. सुपरमार्केट येणार होतं. क्लबला हायवेपलीकडे नवं मैदान मिळालं, चांगलं, सपाट, मोकळ्या वाऱ्याचं. निघायच्या आदल्या दिवशी लेनने मला बोलावून घेतलं. वॅसला इथे सोडून जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. लेनचे गुडघे तोपर्यंत पार गेलेले. तरी तो त्या गोलामागे हळूहळू खाली बसला आणि फावडं बाजूला ठेवून हातांनी माती उकरायला लागला, बादलीत भरायला लागला. म्हणाला, "थोडासा जरी राहिला तर बिचारा फ्रोझन फूडच्या खाली जाईल."

मी बघत होते. त्याच्या नखांत माती गेली होती. दम लागला होता. त्याने मान वर करून विचारलं, "पुरे झालं का, माय लव्हर? की अजून खाली जाऊ?"

तेव्हा बोलता आलं असतं. तिथे दुसरं कुणी नव्हतं. निदान 'पुरे' तरी म्हणता आलं असतं — पुरे, लेन, ऊठ. पण खरोखरीच्या अस्थी असत्या तर कुठली बायको 'पुरे' म्हणाली असती? हा विचार माझ्या डोक्यात आला. त्या माणसाकडे बघत असताना हा विचार आला. आणि मी म्हटलं, "अजून थोडं."

तो अजून खाली गेला.

ती बादली मांडीवर घेऊन मी त्याच्या व्हॅनमधून नव्या मैदानावर गेले. रस्ताभर तो ते गाणं गुणगुणत होता.

गेल्या हिवाळ्यात लेन गेला. त्याने सांगून ठेवलं होतं, माझी राख वॅसच्या शेजारी. मॉरीनने अक्षरशः तसंच केलं. मूठभर नाही, सगळा लेन दिला, स्वतःसाठी काही ठेवलं नाही. नव्या गोलामागे, मी आणलेल्या मातीला लागून. नंतर टपरीत कप विसळताना ती मला म्हणाली, "बरं झालं. तुझा वॅस इतकी वर्षं एकटा होता. आता दोघं मिळून रेषा बघतील." मी कप पुसत होते. तो पुसून ठेवला आणि पुढचा घेतला.

मी अजूनही दर शनिवारी जाते. चहा घेऊन गोलामागे उभी राहते. नवा गोलकीपर एकोणीस-वीस वर्षांचा असेल. तो येतो, वाकतो, जमिनीला हात लावतो, "वॅस, लेन," म्हणतो आणि माझ्याकडे बघून हसतो. तो गेला की मी हळूच "अहो" म्हणते. सवयीने.

हे तिथे नाहीत. हे गोदावरीतून केव्हाच पुढे गेले. तिथे लेन एकटा आहे, आणि आपल्या शेजारी मित्र आहे असं समजून गेलेला.