धाब्याच्या घराचा भाव

धाड गावातल्या आमच्या घरावर पत्रे टाकावेत, की ते विकून बुलढाण्यात जागा घ्यावी, या एका प्रश्नाने त्या उन्हाळ्यात माझं डोकं खाल्लं होतं. घर धाब्याचं, वर मातीचं सपाट छत. दर पावसाळ्यात गळायचं. आत एकटे वडील, आणि मी बुलढाण्याला मास्तर. शाळेतल्या एका शहाण्याने सल्ला दिला, "आधी गावातला भाव काढा, मग खर्च करा." मलाही पटलं. शिकलेल्या माणसाला कुणाचंही पटतं.

मग दर बाजाराच्या दिवशी एसटीने धाडला जाऊ लागलो. अलीकडे कुणाचं घर विकलं गेलं, किती खणांचं होतं, कितीला गेलं, एवढंच विचारायचं होतं. पण गावात घर विकतो कोण? एक गेलं होतं, ते भावाने भावाला दिलेलं, आणि त्या सौद्यात बैलजोडीही होती. दुसऱ्याचा आकडा तिघांनी तीन सांगितला.

चहावाल्याने विचारलं, "काऊन गुरुजी, घर इकाचं हाय काय?"

"नाही हो, सहज."

"सहज कोनी भाव इचारते काय?"

चार बाजार झाले. उन्हात फिरून मी वैतागलो होतो, स्वतःवरच जास्त. वडिलांपाशी मात्र बोललो नव्हतो. म्हटलं, आधी ठरू दे, मग सांगू. सगळ्या गावाला विचारलं, घरात राहणाऱ्याला सोडून.

पाचव्या खेपेला घरी गेलो, तर वडील शिडीवर. हातात कुंचा, अंगभर चुना. सत्तरीचा माणूस.

"बाबा, हे काय करून राह्यले? उतरा खाली."

"गिऱ्हाईक येईन ना. भीत चांगली दिसली त भाव बरा येईन." ते चिडलेले नव्हते, तेच मला सोसेना. "तू सांगशीन म्हनून वाट पाहून राह्यलो होतो. मंग म्हनलं, आपनच हात लावू."

दाराच्या आतल्या बाजूला आईने घरभरणीच्या दिवशी हळदीचे दोन पंजे उमटवले होते. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. दर दिवाळीला चुना देताना वडील तेवढी जागा सोडायचे, कुंचा तिच्या भोवतीने फिरवायचे. मी तिकडे पाहिलं. भिंत सगळी पांढरी होती, अजून ओली.

"ते काऊन झाकलं?" मी ओरडलोच.

"घेनाऱ्याले काय करायचे दुसऱ्याच्या बायकोचे हात?"

मी ओलं फडकं घेऊन चुना पुसायला धावलो. चुना निघाला, त्याच्यासोबत हळदही निघाली. चुन्यात हळद मिसळून फडकं लाल झालं आणि भिंतीवर नुसती माती राहिली. वडील शिडीवरून बघत होते.

पत्रे मी त्याच महिन्यात टाकले. भाव काय होता, ते मला आजतागायत माहीत नाही. पुढच्या दिवाळीला वडिलांनी पुन्हा चुना कालवला. दाराजवळ आल्यावर थांबले, आणि तेवढी जागा सोडून कुंचा भोवतीने फिरवला.