हट्ट्याला हरलेला सामना

एसटीने पुसेगाव सोडलं आणि दोन्ही बाजूंना शेंगांनी वाकलेली तूर दिसू लागली. मी सेनगावला दिगंबरकडे निघालो होतो. एकेकाळी आम्ही दोघं एका सरकारी खात्याच्या बेसबॉल संघात होतो, त्याच खेळावर नोकरी मिळालेले. मी चेंडू फेकणारा पिचर, तो फलंदाजामागे उकिडवा बसून झेलणारा कॅचर. माझे कितीतरी वेडेवाकडे चेंडू त्याने अंगावर घेतले. बोट मोडलं तेव्हा कुणाला न सांगता तो मोसमभर खेळला. बोट वाकडं जुळलं, आणि खेळ सुटला. आता तो तालुक्यातल्या मुलींच्या संघाचा मॅनेजर आहे.

"लई दिवसांनी आलास गा!" स्टँडवर त्याने मिठीच मारली.

रात्री सुलोचनावहिनींनी भाकरी आणि सोल्यांची (तुरीच्या हिरव्या दाण्यांची) आमटी वाढली. "घरात मीठ सरलं, त्ये ह्यांच्या ध्यानात न्हाई. कोणती पोरगी कुठं उभी राहते, त्ये मात्र बराबर ध्यानात!" त्या म्हणाल्या. दिगंबर खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिला.

सकाळी मुलींचा संघ घेऊन जीपने हट्ट्याला सामन्याला निघालो. जिंकलो तर विभागीय स्पर्धा, म्हणून पोरी गाणी म्हणत होत्या. औंढ्याच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. ते बदलेपर्यंत पोरींनी रस्त्याकडेच्या रानात चेंडू काढला. त्यांची कॅचर काजल तांड्यावरची (बंजारा वस्तीतली). तिचा झेलायचा हात पाहून मी थक्क झालो. दिगंबर नुसता हसला.

हट्ट्याला अख्खं गाव मैदानाभोवती जमलं होतं. शेवटच्या इनिंगला आम्ही एका धावेने पुढे होतो. तेवढ्यात बॅटला घासून आलेला चेंडू काजलच्या हातमोजा नसलेल्या हातावर आदळला. तिने हात पटकन पाठीमागे लपवला. दिगंबर सामना थांबवून तिच्याकडे गेला. मीही मागोमाग गेलो.

"हात दाखव."

"काई न्हाई झालं, सर."

"दाखव, बाई."

बोट निळं पडून सुजलं होतं.

"चल, बाहेर."

"काहून? एवढीच तर इनिंग राहिली!"

"इनिंग पुन्हा भेटते. बोट न्हाई भेटत."

काजलने तोंडावरची संरक्षक जाळी काढून जमिनीवर आपटली. तिच्या जागी आलेली रेश्मा घाबरलेली होती. तिच्या हातून दोन चेंडू निसटले, हट्ट्याच्या दोन पोरींनी धावा पुऱ्या केल्या आणि आम्ही हरलो. गावातल्या डॉक्टरांनी बोटाचं हाड तडकल्याचं सांगून पट्टी बांधली.

परतताना जीपमध्ये मी हळूच म्हणालो, "मी असतो तर तिला ठेवलं असतं रे."

"आपल्या वक्ताला मला कुणी बाहेर काढलं असतं, तर मी बी त्याला शिव्या घातल्या असत्या," दिगंबर म्हणाला. "पण आज दर दिवाळीला त्याच्या घरी फराळाला गेलो असतो."

दुसऱ्या दिवशी मी निघायच्या वेळी काजल अंगणात आली. सोबत रेश्मा होती. काजल तिला उकिडवं बसवून दाखवत होती, "चेंडूला भिऊन डोळे मिटू नको, बघत राहा." मग दिगंबरकडे न बघताच म्हणाली, "सर, माझा राग गेला न्हाई."

"राहू दे राग. हात तेवढा वर धर, सूज उतरते."

तिने हात वर धरला.

आमच्या संघालाही मॅनेजर होते. करंडक त्यांच्या खोलीत ओळीने मांडलेले असत. आमच्यातल्या कुणाला काय दुखतंय, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. हरलेला सामना बघायला एवढ्या लांब गेलो, म्हणून घरी सगळे हसले. मी त्यांना काजलबद्दल सांगत राहिलो.