मास्तरांची थैली

प्रेमानंद मास्तर शाळेतले मास्तर नव्हेत. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि हे भूमला एकतीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर माणूस पारावर बसतो, नातवंडं खेळवतो. हे साठीला संगणक शिकले आणि आमच्या समाजातल्या विधवा-घटस्फोटितांच्या पुनर्विवाहासाठी वेबसाईट काढून बसले. साईटवर फक्त वय आणि शिक्षण दिसायचं. नाव-पत्त्याचा अर्ज मास्तरांपाशीच राहायचा, निदान आमची तशी समजूत होती.

त्यात माझाही अर्ज होता. मी संघप्रिया, ईट गावच्या दवाखान्यात नर्स. नवरा जाऊन चार वर्षं झाली, घरात सासूबाई आणि मी दोघीच. लग्नाचा विचार त्यांना मीच माझ्या तोंडानं सांगणार होते, धीर झाला की. बाहेरून कळलं असतं तर त्या माऊलीचं काळीज तुटलं असतं. म्हणून अर्जावर मी लाल शाईनं लिहिलं होतं, 'घरी कळवू नये.'

मागच्या महिन्यात एका रविवारी मास्तर थेट आमच्या दारात उभे. मी लगबगीनं पुढं झाले.

"जय भीम, पुतळाबाई," ते सासूबाईंना म्हणाले. "एसटीचं फुकट प्रवासाचं कार्ड काढलंय का तुमी? आधार आणा, लिहून घेतो."

सासूबाई आत पेटी उघडायला गेल्या, तसे मास्तर ओट्यावर टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, माझ्याकडनं चूक झालीया. तुमचा अर्ज उघड्यावर पडला होता."

मी आतल्या दाराकडं पाहून त्यांच्याजवळ सरकले.

"साईटच्या फाईली, पासवर्ड, एक्केचाळीस अर्जांचे फोटो, सगळं म्या एकाच फोल्डरात ठेवलं. त्या फोल्डरातलं इंटरनेटवर कुणालाबी उघडता येतं, फाईलचं नाव कळलं की झालं. अन् नावं म्या लई सोपी ठेवली. उमरग्याची प्रीती कंप्युटरचं काम करती, तिनं दाखवून दिलं." त्यांनी खांद्याला हात लावला. "नोकरीत तिकिटं, सुट्टे, पेन, सगळं एका चामडी थैलीत असायचं. तीच सवय. पण ती थैली खांद्याला असायची. इथं म्या ती शिटावर ठेवून उतरलो."

"कुणी वाचलं?"

"कोण आलं-गेलं त्याची नोंद सर्व्हरवर असती. तीन महिन्यांत अर्ज फक्त प्रीतीनंच उघडलेत. त्याच्या आधीची नोंद राहत न्हाय. तवाचं मला सांगता येत न्हाय."

कुणीच वाचलं नाही म्हणाले असते तर मी कुठं तपासायला जाणार होते? पासवर्ड त्यांनी बदलला होता. अर्ज आणि फाईली लोकांना उघडता येणाऱ्या फोल्डराबाहेर नेल्या होत्या, तिथं फक्त दाखवायची पानं उरली होती. माझ्या अर्जाचा इंटरनेटवरचा जुना पत्ता त्यांनी माझ्याच फोनवर टाकायला लावला. असं काही सापडत नाही, असं आलं. मी इरेला पेटून आणखी चार-पाच नावं टाकून पाहिली. काही उघडेना.

"हे फोनवर सांगायचं होतं," मी तडकले.

"फोन दुसऱ्या कुणी उचलला असता तर? एक्केचाळीस घरं हायत, ताई. तुमचं सतरावं."

भर उन्हात एसटीनं फिरून हा माणूस दारोदार आपली चूक सांगत होता. माझा राग उतरला, आणि राग उतरला याचाही थोडा राग आला.

"अर्ज काढून टाकू का?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या. अपेक्षांचा रकाना मी कोरा सोडला होता, तेवढा भरा. चूक झाली तर घरी येऊन सांगणारा असावा."

मास्तरांनी वहीत लिहिलं आणि गाडीत गावांची नावं पुकारायच्या सवयीनं खणखणीत वाचून दाखवलं. सासूबाई आधारकार्ड घेऊन दारातच उभ्या होत्या.

"कोण असावा?"

मास्तरांनी घाईनं वही मिटली. मी मात्र सासूबाईंना शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं, लाल शाईसकट. सांगताना मला रडू आवरेना. त्यांनी हातातलं कार्ड ओट्यावर ठेवलं. मग पदरानं माझे डोळे पुसले.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "शांत सोभावाचा असावा, हे बी लिहा. रागाचं काम ही एकटी बघती."