केर्तूच्या गाडीची उचकी

गेल्या जानेवारीत रेइनो लुहतालानं आपल्या सौनातले, म्हणजे वाफेच्या न्हाणीतले, सगळे दगड काढून बर्फात भिरकावले. चांगले काळेभोर दगड, सात हिवाळे तापलेले. का, तर म्हणे दगड मेले बोलत नाहीत. शनिवारी संध्याकाळी तापल्या दगडावर ओगराळंभर पाणी मारलं की चर्रकन आवाज उठतो, आणि आठवड्याचा निम्मा शीण त्या आवाजानंच उतरतो. रेइनोच्या सौनात वाफ उठायची, पाठ भाजायची, पण चर्र काही व्हायचं नाही. त्यानं घसरगाडीवर घालून नवे दगड आणले, रचले, तापवले, पाणी मारलं. तेही मुकेच निघाले. मग तो टॉवेल गुंडाळून पायरीवर येऊन बसला. दगड तर बदलून झाले होते.

ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. सांगणार कशी? फिनलंडच्या पश्चिमेला नदीकाठी आमचं युलिपेल्तो हे सपाट गाव, आणि या गावात त्याचं नाव कान-रेइनो. बाप मळणीयंत्र फिरवायचा. अकरा वर्षांचा रेइनो चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेला असताना मोठ्यानं म्हणाला होता, "पाद्रीबाबांच्या मोटरसायकलची साखळी ढिली झालीय," आणि बापाच्या हातची थोबाडीत खाल्ली होती. प्रार्थना संपल्यावर पाहिलं तर साखळी खरंच ढिली. पुढं चाळीस वर्षं त्यानं ट्रॅक्टर दुरुस्त केले. बायको लेम्पी गेली, दोन्ही मुली हेलसिंकीला गेल्या, कान तेवढा राहिला. ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला की आम्ही आमच्या जुन्या लांबलचक उन्हाळी गाड्या गोठ्यात, कोठारात झाकून ठेवतो. एप्रिल सरता सरता त्या जाग्या करायच्या, आणि त्या जाग्या करायच्या रेइनोनं. एक मेला, म्हणजे वाप्पू या वसंताच्या सणाला, त्यांची रांग चौकात निघते. रांगेत पहिली गाडी कायम केर्तू हापालाची. आभाळी रंगाची, होडीएवढी, आठ सिलिंडरची. केर्तूचा नवरा ताइस्तो गेल्या सप्टेंबरात वारला, पण मान गाडीचा होता, तो गाडीकडंच राहिला.

वाप्पू सोमवारी होता. शुक्रवारी सकाळी केर्तूच्या शेडमध्ये गाडी चालू केली आणि ती अख्खी थडथडायला लागली.

"एक सिलिंडर पेटत न्हाई, मिसिंग मारतंय," रेइनो म्हणाला. थडथड हाताला कळत होती, त्याला कान लागत नव्हता.

"ते मलाबी कळतंय," केर्तू स्टिअरिंगमागून ओरडली. त्र्याहत्तर वर्षांची बाई. तीस वर्षं दुधाची गाडी हाकलेली, आवाज तसाच कमावलेला. "कंचा सिलिंडर, ते सांग."

त्यानं टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं. प्लग काढून पाहिले, तर आठीच्या आठी काळे, ओले. सकाळपासून चोक ओढून ओढून सगळ्यांचं एकच तोंड झालं होतं, कोण दोषी काही कळेना. आठीही नवे घातले. गाडी परत थडथडली. मग त्याची जुनी रीत. इंजिन चालू ठेवायचं, एकेका प्लगची वायर उपसायची आणि ऐकायचं. जिवंत सिलिंडरची वायर उपसली की आवाज पडतो. मेलेल्याची उपसली तर काहीच फरक पडत नाही, तोच चोर. हे काम रेइनो एरवी तोंडात कॉफीचा घोट धरून करायचा.

त्यानं पहिली वायर उपसली. डोळे मिटले, मान कलती केली. घरघर ऐकू येत होती, जाडजूड, घोंगडीखालून आल्यासारखी. दुसरी उपसली. तीच घरघर. आठ वायरी झाल्या, आठी वेळा तेच. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कपाळाला घाम आला. शेडमध्ये चार अंशांची थंडी होती.

"काय रं, बाळंतपण चाललंय का तिथं?" केर्तू म्हणाली.

"सहावा," रेइनो म्हणाला. का म्हणाला ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

सहाव्याची वायर बदलली. केर्तूनं किल्ली फिरवली, क्षणभर ऐकलं आणि बंद केली. "उचकी हाय तशीच हाय. आरं, तुला ऐकू येत न्हाई व्हय?"

ती सहज म्हणाली होती, पण रेइनोचा पाना हातातून निसटून खाली पडला. "जुनी गाडी हाय," तो म्हणाला. "वेळ घेती."

तेवढ्यात किराणा दुकानवाला ओस्मो डोकावला. याला सगळ्यांच्या शेडमध्ये डोकावायचंच असतं. "मावशी, निघतीय न्हवं गाडी? न्हाईतर यंदा माझी लावतो पुढं."

"तुझी लाव की. मागनं ढकलायला लोकं बघून ठेव."

ओस्मो हसत रेइनोकडं वळला. "तात्या, तुमचा कान असताना काय काळजी? शहरातली पोरं कॉम्प्युटर लावून तीन-तीन दिवस बघत बसत्यात. तुमी नुसतं ऐकायचं."

रेइनो वाकून पाना शोधत राहिला. पाना पायाशीच होता.

ओस्मो गेल्यावर केर्तू गाडीतून उतरली. "रविवारी दुपारपातूर बघ. न्हाई जमलं तर शहरातल्या गॅरेजात फोन करते. राग मानू नगं, पण ताइस्तोची गाडी घरी बसली तर त्यो माझ्या सपनात यील."

त्या दिवशी रेइनोला काही धड करता येईना. कॉफी गाळली आणि ओतायची विसरला. घरातून अंगणात, अंगणातून नदीवर, नदीवरून परत. नदीचा बर्फ फुटून तुकडे एकमेकांवर चढत होते. दरवर्षी त्या करकरीनं गाव जागं राहतं, त्याला नुसते तुकडे हललेले दिसत होते. वरून क्रौंचांचा थवा गेला, चोची उघडून. त्यानं मान खाली घातली. स्वतःचा ट्रॅक्टर चालू करून कान लावला, बंद केला, परत चालू केला. शेजारच्या बाईनं खिडकीतून हात हलवून विचारलं, काय झालं? त्यानं हात हलवला, काही नाही. केर्तूकडं जाऊन खरं सांगून टाकावं म्हणून दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा टपालपेटीपासून माघारी फिरला. एकदा सांगितलं की गावभर होणार. मग पुढच्या एप्रिलात कोण बोलावणार? कान नसलेला कान-रेइनो म्हणजे कोण? लेम्पीची फुलदाणी पुसणारा एक म्हातारा.

शनिवारी सवयीनं सौना तापवला. उन्हं अजून खिडकीत होती. त्यानं ओगराळं मारलं. मुकी वाफ उठली. आता आवाजाची वाट बघायची नाही असं ठरवल्यामुळं असेल, तो पहिल्यांदाच दगडांकडं नीट बघत बसला. मधल्या दगडांवर पाणी पडताच उडत होतं. कोपऱ्यातल्या एका दगडावर मात्र पाणी तसंच ओघळत गेलं. चुलीची ऊब त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

रेइनो उघड्या अंगानं उठून उभा राहिला. डोकं वरच्या फळीवर आपटलं.

रविवारी सकाळी तो केर्तूच्या शेडमध्ये आला तो लाकडी बादली आणि ओगराळं घेऊन.

"गाडीला आंघोळ घालतोस का काय?"

"चालू कर. आन् मिनिटभरातच बंद कर. लई तापवायची न्हाई."

प्रत्येक सिलिंडरमधला धूर ज्या बिडाच्या तोंडातून बाहेर पडतो, ती तोंडं आठ होती, चार इकडं, चार तिकडं. जिथं पेट्रोल पेटतं तिथलं तोंड मिनिटभरात तापतं. जिथं पेटतच नाही ते थंड राहतं. इंजिन थांबल्यावर रेइनोनं ओगराळ्यात बोटं बुडवून पहिल्या तोंडावर चार थेंब शिंपडले. जास्त मारलं तर बीड तडकायचं. वाफ उडाली. दुसऱ्यावर उडाली. तिसऱ्यावर उडाली. उजवी बाजू झाली. डावीकडं पहिला, दुसरा. डावीकडच्या तिसऱ्यावर थेंब पडले, घरंगळले आणि खाली टपकले.

"ह्यो बघ," तो म्हणाला. "ह्यो झोपलाय."

केर्तू वाकून बघत होती. "बाकीचे कसे चर्रर करत्यात, न्हाई?"

रेइनो त्या थंड तोंडावर आणखी दोन थेंब टाकून बघू लागला. केर्तूनं थेंबांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं.

त्यानं त्या वायरीचा माग काढला. प्लग चांगला, वायर चांगली. वायर प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात जिथं बसते तिथं ओढली तर निघेना, पिळून काढली. आतलं पितळ हिरवंगार, बुरशीसारखं. झाकण उघडलं तर आतून ओलं, थेंब साचलेले.

"शेड तर कोरडी हाय," रेइनो म्हणाला. "पाणी आलं कुठनं?"

शेडच्या मागच्या भिंतीत एक लहान दार होतं, तिच्या सौनाचं. तिनं त्या दाराकडं पाहिलं आणि नजर वळवली.

"केर्तू?"

"दर शनवारी माझं झालं की दार उघडं ठेवायची," ती म्हणाली. "उरलेली ऊब तिलाबी मिळावी म्हणून. ताइस्तो आन् ती एकाच घरात र्‍हायले की इतकी वर्षं. बाहेर उणे पंचवीस, आन् ही एकटी बिचारी इथं." मग चिडून म्हणाली, "हसू नगंस."

"हसत न्हाई. थंड लोखंडाला ओली ऊब दिलीस. सगळी वाफ आत जाऊन बसली. बाई, उन्हाळी गाडीला सौना देतं का कुणी?"

"तू कुणाला सांगू नगंस."

"न्हाई सांगत."

त्यानं पितळ घासलं, झाकण पुसून चुलीपाशी वाळवलं, बसवलं. केर्तूनं किल्ली फिरवली. बॉनेटवर ठेवलेल्या त्याच्या तळहाताला कळलं, थडथड गेली होती. तरी त्यानं तिच्याकडं पाहिलं. कुणी निकालाच्या कागदाकडं पाहावं तसं पाहिलं.

केर्तूनं मान डोलावली. इंजिन बंद केलं आणि खाली उतरून त्याच्या समोर, तोंडासमोर तोंड येईल अशी उभी राहिली. "कधीपास्नं?"

"नाताळापास्नं. घरघर येती कानावर. बारीक कायबी येत न्हाई."

"मीबी कुणाला सांगत न्हाई," केर्तू म्हणाली. "चौकात मी तुझ्या बाजूलाच उभी र्‍हाते. कुणी ऐकायला लावलं तर बोटानं खूण करते. आपलं आपल्यात."

रेइनोनं होय म्हणून मान हलवली. घरी जाताना त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. रात्री उशी सारखी इकडची तिकडं होत राहिली.

वाप्पूला ऊन होतं आणि वाराही होता. सणाच्या पांढऱ्या टोप्या उडू नयेत म्हणून सगळे एक हात डोक्यावर धरून फिरत होते. आभाळी गाडी पुढं आणि मागं बावीस, अशी रांग चौकात आली. साखरेत घोळवलेले वडे, लिंबाचं फसफसतं पेय सिमा, पोरांचे फुगे. केर्तू म्हणाल्याप्रमाणं रेइनोच्या उजव्या हाताला उभी होती, हातमोजा काढून, बोटं तयार.

ओस्मो गर्दीतून आलाच. त्याची पिवळी गाडी चौकाच्या तोंडाशी धापा टाकत उभी होती. "तात्या! जरा कान द्या की. कायतरी चुकतंय, पण काय ते मला कळंना." आणि आजूबाजूच्यांना म्हणाला, "आता बघा हां. हात न लावता सांगतील."

आठ-दहा माणसं पिवळ्या गाडीभोवती गोळा झाली. ओस्मोनं बॉनेट उघडलं, इंजिन चालूच ठेवलं. रेइनो वाकला, सवयीनं डोळे मिटले, मान कलती केली. घोंगडीखालची घरघर. त्यानं डोळे उघडले. डोळ्याच्या कोपऱ्यातून केर्तूचा हात दिसला: तीन बोटं, मग जरा थांबून चार. तिलाही नक्की कळत नव्हतं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

रेइनो सरळ उभा राहिला.

"बंद कर," तो म्हणाला. ओस्मोनं बंद केलं. "मला ऐकू येत न्हाई, ओस्मो."

"गर्दी लई हाय. थांबा, गाडी तिकडं घेतो."

"गर्दी न्हाई. कान गेलाय."

पोरांचे फुगे वाऱ्यावर एकमेकांवर आपटत होते. ओस्मोनं आधी रेइनोकडं, मग उघड्या बॉनेटकडं पाहिलं.

"मग आता?" तो म्हणाला.

"मग काय?" रेइनोनं बाह्या वर केल्या. "गाडी थंड होऊ दे, तापल्यावर सगळी तोंडं सारखीच. तवर कुणाच्या तरी घरनं ओगराळं आन् बादलीभर पाणी आण. पळ."